चितोडची राणी पॅरिसच्या रंगमंचावर : संगीतकार आल्बेर रूसेल यांचे जीवन

१ जून १९२३ रोजी पॅरिसच्या भव्य ऑपेरागृहात एका नव्या संगीतिकेचा पहिला प्रयोग झाला. पडदा उघडला तेव्हा प्रेक्षकांपुढे राजस्थानातील चितोडगडाचा चौक होता, आणि पडदा पडला तेव्हा राणी पद्मावतीच्या चितेचा धूर. या संगीतिकेचे नाव ‘पद्मावती’. तिचे संगीतकार आल्बेर रूसेल त्या वेळी चौपन्न वर्षांचे होते. कधीकाळी ते फ्रेंच नौदलात अधिकारी होते. पुढे पत्नीसह त्यांनी भारताचा प्रवास केला होता, मुंबईला उतरले होते आणि आपल्या वेरूळच्या लेण्यांतूनही फिरले होते. युरोपात भारतावर संगीतिका लिहिणारे त्यांच्या आधीही होऊन गेले. मासने यांची ‘लाहोरचा राजा’ १८७७ ची आणि दलीब यांची ‘लाक्मे’ १८८३ ची. पण त्या संगीतकारांनी भारत डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. रूसेल यांनी तो पाहिला, ऐकला आणि मग लिहिले. त्यांच्या जीवनाची ओळख आपल्या वाचकांना व्हावी म्हणून हा लेख.

प्रथम ऑपेरा म्हणजे काय हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले तेव्हापासून मराठी माणसाला संगीत नाटक ठाऊक आहे. त्यात पात्रे बोलतात आणि मध्ये मध्ये पदे गातात. ऑपेरात बहुधा बोलणेच नसते. भांडण, विनवणी, निरोप, राजाज्ञा, सारे काही गाऊनच सांगितले जाते. रंगमंचापुढील खोलगट जागेत साठ-सत्तर वादक बसतात आणि गायकांना ध्वनिवर्धकाविना त्या वाद्यवृंदावरून आपला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवावा लागतो. शिवाय समूहगायकांचा ताफा असतो. डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात रात्रभर चालणारे सामूहिक गाणे ज्यांनी साक्री-बागलाणच्या डोंगरात ऐकले आहे, त्यांना समूहाचा आवाज एका माणसाच्या गाण्याला किती वजन देतो हे वेगळे सांगायला नको.

आल्बेर रूसेल यांचा जन्म ५ एप्रिल १८६९ रोजी फ्रान्सच्या उत्तर टोकाला, बेल्जियमच्या सीमेलगत असलेल्या तुर्क्वाँ या गावी झाला. हे कापडगिरण्यांचे गाव. रूसेल घराणेही कापड व्यवसायातील आणि सधन होते. पण मुलाच्या वाट्याला घराचे सुख फार काळ आले नाही. ते अगदी लहान असताना वडील वारले, आठव्या वर्षी आई गेली. आजोबा तुर्क्वाँचे महापौर होते, त्यांनी नातवाला जवळ घेतले. दोन-तीन वर्षांत तेही निवर्तले. त्यानंतर नातेवाइकांनी मुलाचा सांभाळ केला. आईने शिकवलेले सूर आणि सुटीत बेल्जियमच्या किनाऱ्यावर पाहिलेला समुद्र या दोन गोष्टी मात्र त्यांच्यापासून कोणी काढून घेऊ शकले नाही. गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंकडे त्यांनी पियानोचे पहिले धडे घेतले. पुढे पॅरिसमधील स्तानिस्लास या कॅथॉलिक विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. गणितात ते हुशार होते. संगीत आवडे, परंतु मनाने समुद्राची निवड केली होती. १८८७ मध्ये ते नौदलाच्या विद्यालयात दाखल झाले.

नौदलातील त्यांची सात वर्षे वाया गेली असे म्हणता येणार नाही. जहाजावर पियानो असे, तो वाजवण्याची मुभा असे. रात्रपाळीत समुद्राचा आवाज ऐकत बसायला वेळही असे. संगीतरचनेचे शास्त्र त्यांना कोणी शिकवले नव्हते. पुस्तके वाचून आणि चाचपडत ते लिहीत होते. १८९२ च्या नाताळात शेर्बुर बंदरातील पवित्र त्रैक्याच्या चर्चमध्ये त्यांची एक छोटी रचना वाजवण्यात आली. तीन तंतुवाद्ये आणि ऑर्गन एवढाच तिचा पसारा होता. आपण लिहिलेले संगीत लोकांसमोर वाजताना त्यांनी ऐकले ते असे, एका बंदरगावच्या चर्चमध्ये, नाताळच्या उपासनेसाठी जमलेल्या लोकांत बसून.

त्यानंतर जे घडले ते एखाद्या नाटकात शोभावे असे आहे. काल्व्हे नावाच्या एका सहकारी अधिकाऱ्याने रूसेल यांची एक रचना पॅरिसचे नामवंत वाद्यवृंद संचालक एदुआर कोलोन यांना दाखवण्याचे कबूल केले. काही दिवसांनी तो परतला आणि कोलोन यांनी नौदल सोडून संगीताला वाहून घेण्याचा सल्ला दिल्याचे त्याने सांगितले. रूसेल यांना धीर आला. पुढे बऱ्याच काळाने त्याच मित्राने कबुली दिली की तो कोलोन यांच्याकडे गेलाच नव्हता, सल्ला त्याने स्वतःच रचला होता. एका थापेने फ्रान्सला एक संगीतकार मिळवून दिला असे म्हणावे लागेल. थाप मारणाऱ्याचा कान मात्र खरा होता.

अखेरची मोठी सफर त्यांनी कोचीन-चीनकडे केली. हे आपले केरळातील कोचीन नव्हे, दक्षिण व्हिएतनामचा तो प्रांत तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होता. पूर्वेचे पहिले दर्शन त्यांना तेथे झाले. प्रकृती तितकीशी धडधाकट नव्हती. १८९४ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी नौदलाचा राजीनामा दिला.

पंचविशीत संगीताचा श्रीगणेशा करणे म्हणजे फार उशीर. संगीताच्या क्षेत्रात या वयात लोक नाव कमावून बसलेले असतात. रूसेल यांनी त्याची लाज बाळगली नाही. रूबे गावच्या संगीत विद्यालयाचे प्रमुख कोझूल यांनी त्यांना पाया शिकवला आणि पॅरिसला ऑर्गनवादक एजेन झिगू यांच्याकडे पाठवले. १८९८ मध्ये ते ‘स्कोला कांतोरुम’ या संस्थेत व्हँसाँ दँदी यांचे विद्यार्थी झाले. ही संस्था चर्चसंगीताच्या पुनरुज्जीवनासाठी स्थापन झाली होती. ग्रेगोरियन गायन आणि सोळाव्या शतकातील पालेस्त्रिना यांचे समूहसंगीत हा तेथील अभ्यासाचा कणा होता. ग्रेगोरियन गायनात एकच सुरावट असते, तिला दुसऱ्या सुरांची जोड नसते, आणि कधी कधी एकाच अक्षरावर गळा लांबवर खेळत राहतो. भारतीय गायनाचेही हे एक अंग आहे. पुढे रूसेल वाराणसीच्या घाटावर उभे राहिले तेव्हा त्यांचा कान या गोष्टीला परका नव्हता, असे मला वाटते.

१९०२ मध्ये, स्वतःचा अभ्यास पुरता संपलेला नसतानाच, त्यांना त्याच संस्थेत प्राध्यापक नेमण्यात आले. १९१४ पर्यंत ते तेथे शिकवत होते. त्यांच्या वर्गात एरिक साती हे चाळिशीला टेकलेले संगीतकार विद्यार्थी म्हणून येऊन बसत. एव्हाना नाव झालेल्या सातींना नव्याने शिकावेसे वाटले, आणि शिक्षक म्हणून वयाने लहान असलेले रूसेल त्यांना चालले. दोघांच्याही मनाचा मोठेपणा यात दिसतो.

१९०८ मध्ये त्यांचा ब्लांश प्रायसाख यांच्याशी विवाह झाला. पुढील वर्षी, १९०९ च्या शरद ऋतूत, हे जोडपे पूर्वेच्या प्रवासाला निघाले. मुंबईला उतरून त्यांनी वेरूळ पाहिले, राजस्थानात उदयपूर, चितोड, जयपूर पाहिले, वाराणसी पाहिली. पुढे आग्नेय आशियातही ते गेले. मुंबईहून वेरूळला जाणाऱ्या प्रवाशाला त्या काळी मनमाडला गाडी बदलून निजामाच्या रेल्वेने औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, गाठावे लागे. ती रेल्वे सुरू होऊन तेव्हा जेमतेम नऊ-दहा वर्षे झाली होती. तेथून पुढे टांगा. आज खान्देशातील शाळांच्या सहली एका दिवसात वेरूळ करून येतात. तेव्हाचा प्रवास निवांत होता आणि लेण्यांत गर्दी नव्हती.

वेरूळची चौतीस लेणी एका डोंगराच्या पोटात कोरलेली आहेत. बौद्ध, हिंदू आणि जैन अशा तिन्ही धर्मांची लेणी तेथे शेजारी शेजारी आहेत. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात कोरलेले कैलास मंदिर वरून खाली कोरत आणलेले आहे. दगडावर दगड चढवून ते बांधलेले नाही. भर दुपारीही आतल्या गाभाऱ्यांत अंधार असतो. मूर्ती आधी दिसत नाहीत, डोळे सरावले की हळूहळू पुढे येतात. रूसेल यांनी हाच अनुभव सुरांत मांडला. परतल्यावर १९१० आणि १९११ या दोन वर्षांत त्यांनी वाद्यवृंदासाठी ‘आवाहने’ अशा अर्थाच्या शीर्षकाची तीन भागांची रचना लिहिली. पहिला भाग गुहांच्या सावलीतील देवांचा, दुसरा गुलाबी नगरीचा, तिसरा पवित्र नदीच्या काठाचा. शीर्षकांत वेरूळ, जयपूर किंवा वाराणसी यांपैकी एकाही गावाचे नाव नाही. पर्यटकाने काढलेली छायाचित्रे त्यांना दाखवायची नव्हती. तिसऱ्या भागात समूहगायक येतात. गंगेच्या काठी रूसेल यांनी एका तरुण फकिराचे गाणे ऐकले होते, त्याची आठवण या भागात आहे. १८ मे १९१२ रोजी ही रचना पॅरिसमध्ये प्रथम सादर झाली आणि वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी रूसेल यांचे नाव सर्वतोमुखी झाले.

येथे थोडे थांबून आपल्या परिसरातील एक जुनी हकिकत सांगणे भाग आहे, कारण तिचे धागे वेरूळलाही जुळतात आणि चितोडलाही. पिंपळनेरहून शेलबारीचा घाट ओलांडला की ताहराबाद लागते आणि बागलाण सुरू होते. मुल्हेर, साल्हेर हे किल्ले त्याच बागलाणात. अल्लाउद्दीन खिलजीच्या फौजांनी गुजरात जिंकला तेव्हा तेथील वाघेला राजा कर्ण याने पळून येऊन बागलाणात आश्रय घेतला. त्याची राणी कमलादेवी दिल्लीच्या जनानखान्यात गेली होती. मुलगी देवलदेवी बापाजवळ होती. देवगिरीच्या यादव राजपुत्राशी तिचा विवाह ठरला आणि १३०७ च्या सुमारास तिला बागलाणातून देवगिरीकडे पाठवण्यात आले. इतिहासकार फिरिश्ता सांगतो की सुलतानाच्या सैनिकांची एक तुकडी वेरूळची लेणी पाहायला गेली असता तिची गाठ नेमकी या वऱ्हाडाशी पडली. चकमक झाली, देवलदेवी पकडली गेली, तिला दिल्लीला नेण्यात आले आणि सुलतानाचा मुलगा खिज्रखान याच्याशी तिचा विवाह लावण्यात आला. अमीर खुस्रोने त्या दोघांवर दीर्घ काव्य रचले. १८६६ मध्ये नंदशंकर मेहता यांनी राजा कर्णावर लिहिलेली ‘करण घेलो’ ही गुजरातीतील पहिली कादंबरी मानली जाते. फिरिश्त्याने हे सारे तीनशे वर्षांनी लिहिले आहे, त्यामुळे तपशिलांबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. पण आपल्या डोंगरातून निघालेल्या या मुलीची कथा रूसेल यांच्या पद्मावतीशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. दोघींच्या कथेत सुलतान एकच आहे. एक चितेवर चढली, दुसरी जगली. पॅरिसच्या रंगमंचावर आली ती चितेवर चढलेली.

पद्मावतीच्या कथेकडे रूसेल वळले ते झाक रूशे यांच्यामुळे. रूसेल यांची ‘कोळ्याची मेजवानी’ ही नृत्यनाटिका ३ एप्रिल १९१३ रोजी रूशे यांच्या नाट्यगृहात झाली आणि गाजली. (हा कोळी म्हणजे जाळे विणणारा जीव, मासेमार नव्हे.) रूशे यांची पॅरिसच्या ऑपेरागृहाचे संचालक म्हणून नेमणूक झाली, तेव्हा त्यांनी रूसेल यांच्याकडे मोठी कृती मागितली. चितोडचा पडका गड रूसेल यांनी स्वतः पाहिलेला होता. पूर्वेच्या संगीताचे जाणकार लुई लाल्वा यांनी संहिता लिहिली. त्यांच्या हाताशी तेओदोर पावी या फ्रेंच पंडिताने १८५६ मध्ये भारतीय ग्रंथांवरून सिद्ध केलेली पद्मिनीची कथा होती.

इतिहास पाहू जाता अल्लाउद्दीनने चितोड जिंकले ते १३०३ मध्ये. अमीर खुस्रो त्या स्वारीत हजर होता, पण त्याच्या वृत्तांतात पद्मिनीचे नाव नाही. ते नाव सर्वतोमुखी झाले ते मलिक मुहम्मद जायसी या सूफी कवीच्या १५४० मधील ‘पद्मावत’ या काव्यामुळे. म्हणजे ही राणी इतिहासाची कमी आणि लोकमानसाची अधिक. अशा नायिका इतरही देशांत आहेत. क्रोएशियाच्या पोल्यित्सा प्रदेशात मिला गोइसालिच हिची कथा सांगतात. सोळाव्या शतकात तुर्की सैन्य गावावर चालून आले तेव्हा ती शत्रूच्या छावणीत शिरली आणि दारूगोळ्याला आग लावून स्वतःही त्यात जळाली. याकोव्ह गोतोवाट्स या क्रोएशियन संगीतकाराने १९५२ मध्ये तिच्यावर संगीतिका केली, आणि थोर शिल्पकार इव्हान मेश्त्रोविच यांनी घडवलेला तिचा पुतळा त्या प्रदेशात उभा आहे. मिला मरते ती शत्रूला मारून. पद्मावतीचे मरण असे सरळ नाही.

रूसेल यांच्या संगीतिकेत दोन अंक आहेत. पहिल्या अंकात अल्लाउद्दीन मैत्रीचे निमित्त करून चितोडला येतो. राजा रतनसेन त्याचे स्वागत करतो, नर्तकी नाचतात. सुलतानाबरोबर एक ब्राह्मण आहे. त्याच्या सांगण्यावरून राणीला पाहण्याची मागणी होते. पद्मावती सज्जात येते, क्षणभर तोंडावरचा पदर बाजूला करते आणि सुलतान न बोलता निघून जातो. मागे राहिलेला ब्राह्मण राणी स्वाधीन करा, नाहीतर नगर बेचिराख होईल, असा निरोप सांगतो. खवळलेला जमाव त्याला ठार करतो. दुसरा अंक शिवमंदिराच्या तळघरात, रात्री घडतो. लढाई हरल्यात जमा आहे. पहाटेपर्यंतच शस्त्रसंधी आहे. पुजारी सांगतात की देवांना बळी हवा आहे. जखमी रतनसेन येतो आणि स्वतःच्या पत्नीला सुलतानाकडे जाण्याची विनवणी करतो, कारण नगरातील हजारो माणसे त्यामुळे वाचतील. पद्मावती नकार देते. राजा आपले म्हणणे सोडत नाही तेव्हा ती त्याच्या छातीत कट्यार खुपसते, त्याच्या हातून हे पाप घडू नये म्हणून. आणि पती मेल्यावर रीतीप्रमाणे तिला चितेवर जावे लागते. सुलतान दरवाजे फोडून आत येतो तेव्हा तेथे फक्त धूर उरलेला असतो.

जायसीच्या काव्यात रतनसेन दुसऱ्या एका राजाशी द्वंद्व करताना मरतो. पत्नीला शत्रूच्या हवाली करायला निघालेला राजा तेथे नाही. तो पॅरिसच्या संहितेतला आहे. भारतीय वाचकाला हे खटकेल, आणि दुसऱ्या अंकात काली, दुर्गा, पार्वती, उमा, गौरी यांना शिवाच्या कन्या म्हणून नाचताना पाहून तर त्याहूनही खटकेल. लाल्वा यांच्या विद्वत्तेला हे शोभत नाही. तरीही या बदलाने एक गोष्ट स्पष्टपणे पुढे आली, जी मूळ दंतकथेच्या गौरवात झाकली जाते. पद्मावतीला मागणारा एकटा सुलतान नाही. पुजाऱ्यांना ती बळी म्हणून हवी आहे आणि पतीला तहाची किंमत म्हणून. तिन्ही बाजूंनी तिचा सौदा चालला आहे आणि तिला कोणीच विचारत नाही. रूसेल यांनी हिच्यासाठी नायिकेचा नेहमीचा उंच, पातळ आवाज निवडला नाही. स्त्रीस्वरांतील सर्वांत खालचा, भरदार आवाज निवडला. त्यामुळे ती विनवणी करते तेव्हाही दुबळी वाटत नाही. शेवटच्या दृश्यात समूहगायक शब्दांविना, नुसत्या स्वरांवर गातात. त्या आवाजात जयजयकार नाही, भीती आहे.

चितेवर चढणाऱ्या स्त्रीचे गाणे गाताना आपल्या देशात सावध राहावे लागते. १८२९ मध्ये सतीची चाल कायद्याने बंद झाली, तरी १९८७ मध्ये राजस्थानात देवराला येथे एक अठरा वर्षांची विधवा पतीच्या चितेवर जळाली आणि तिचा गौरव करायला हजारो लोक जमले. त्यानंतर सतीचे उदात्तीकरण हाच गुन्हा ठरवणारा कायदा करावा लागला. रूसेल यांच्या संगीतिकेला या दोषातून पूर्णपणे मुक्त ठरवता येणार नाही. शेवटच्या विधीचे सौंदर्य त्यांना भुलवते, हे ऐकणाऱ्याला जाणवते. पण चिता रचणारे हात कोणाचे आहेत हे त्यांनी लपवले नाही.

संगीतिकेचा आराखडा पूर्ण होतो न होतो तोच १९१४ चे महायुद्ध पेटले. रूसेल पंचेचाळीस वर्षांचे होते, प्रकृती नाजूक होती. घरी बसले असते तर कोणी नावे ठेवली नसती. ते प्रथम रेड क्रॉसच्या रुग्णवाहिकेचे चालक झाले. नंतर खटपट करून तोफखान्यात अधिकारी म्हणून गेले. व्हर्दूनच्या आणि सोमच्या रणभूमीवर त्यांनी वाहतुकीचे काम सांभाळले. या दोन लढायांत मिळून लाखो माणसे कामी आली. १९१८ च्या आरंभी प्रकृती पार ढासळल्यामुळे त्यांना सेवामुक्त करण्यात आले. ब्रिटनी प्रांतातील समुद्रकाठच्या एका गावी राहून त्यांनी चार वर्षे पडून राहिलेल्या ‘पद्मावती’चे वाद्यलेखन पुरे केले. वेढा पडलेले नगर, पहाटेची वाट पाहणारे जखमी, हजारोंना वाचवण्यासाठी कोणाला तरी मरणाच्या दारात लोटण्याचा हिशेब, हे सारे आता त्यांच्यासाठी दंतकथेतले राहिले नव्हते.

१९२३ च्या पहिल्या प्रयोगाचे संचालन फिलिप गोबेर यांनी केले. केती लापेरेत यांनी पद्मावती गायली. जाणकारांनी कृतीची वाखाणणी केली, परंतु ती नित्याच्या प्रयोगांत रुळली नाही. खर्च मोठा, समूह मोठा, नृत्ये भरपूर आणि नायिकेसाठी दुर्मीळ आवाज. मोठ्या संगीतिकेकडे रूसेल पुन्हा वळले नाहीत.

नॉर्मंडीत समुद्रकाठच्या व्हाराँजव्हील गावी त्यांनी घर घेतले आणि उरलेले आयुष्य तेथे काढले. त्यांना मूलबाळ नव्हते. विद्यार्थी मात्र येत राहिले. चेकोस्लोव्हाकियातून आलेला बोहुस्लाव्ह मार्टिनू हा त्यांतील सर्वांत नामांकित. बॉस्टनच्या वाद्यवृंदाने आपल्या पन्नाशीनिमित्त त्यांच्याकडून सिंफनी मागवली. १९३० मध्ये ती तेथे सादर झाली आणि ती ऐकायला रूसेल स्वतः अमेरिकेला गेले. त्यांची आज सर्वाधिक वाजवली जाणारी सिंफनी हीच, तिसरी.

आपल्या वाचकांनी त्यांची आणखी एक रचना आवर्जून ऐकावी. १९२८ मध्ये त्यांनी बायबलमधील ८० वे स्तोत्र एकल गायक, समूह आणि वाद्यवृंद यांच्यासाठी संगीतबद्ध केले. पुढच्या वर्षी त्यांच्या साठीनिमित्त पॅरिसमध्ये झालेल्या महोत्सवात ते गायले गेले. मिसर देशातून आणून लावलेली द्राक्षवेल, तिचे कुंपण मोडलेले, रानडुकरांनी ती तुडवलेली आणि पुन्हा आमच्याकडे वळ अशी देवाला हाक, हा या स्तोत्राचा विषय. आपल्याकडे जवळच पिंपळगाव-दिंडोरीच्या पट्ट्यात द्राक्षबागा आहेत. कुंपण मोडलेल्या बागेचे दुःख तेथील शेतकऱ्याला कोणी समजावून सांगायला नको. रूसेल आपल्या श्रद्धेविषयी बोलणारे गृहस्थ नव्हते. धार्मिक विषयावर त्यांनी थोडेच लिहिले. पण या स्तोत्रातील विनवणी मला ‘पद्मावती’च्या दुसऱ्या अंकाला उत्तर दिल्यासारखी वाटते. तेथे देव बळी मागतात आणि गप्प राहतात. येथे माणसे देवाला मागतात, न थकता, तीन वेळा तीच हाक देऊन.

२३ ऑगस्ट १९३७ रोजी र्वायाँ या समुद्रकाठच्या गावी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय अडुसष्ट होते. त्यांच्या इच्छेप्रमाणे व्हाराँजव्हीलच्या संत व्हालेरी यांच्या चर्चच्या आवारात, समुद्राच्या समोर, त्यांना पुरण्यात आले. चित्रकार जॉर्ज ब्राक यांची कबरही त्याच दफनभूमीत आहे. खडूच्या दगडाच्या उंच कड्यावर हे चर्च आहे आणि समुद्राच्या माऱ्याने कडा वर्षागणिक ढासळत आहे.

‘पद्मावती’ क्वचितच रंगमंचावर येते. मार्च २००८ मध्ये पॅरिसच्या शातले नाट्यगृहाने ती पुन्हा उभी केली, तेव्हा दिग्दर्शनासाठी मुंबईहून संजय लीला भन्साळी यांना बोलावण्यात आले. नेपथ्य ओमंग कुमार यांचे होते आणि नृत्यरचना तनुश्री शंकर यांची. चितोड पाहून गेलेल्या फ्रेंच माणसाची संगीतिका अशा रीतीने पंचाऐंशी वर्षांनी भारतीय हातांत आली. त्याच वर्षी इटलीतील स्पोलेतो महोत्सवातही हा प्रयोग झाला. भन्साळींच्या मनात हा विषय घर करून राहिला असावा. पुढे त्यांनी याच राणीवर हिंदी चित्रपट काढला. चित्रीकरण चालू असताना, मार्च २०१७ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातील मसाई पठारावर उभारलेला त्याचा देखावा जाळण्यात आला. नाव ‘पद्मावती’चे ‘पद्मावत’ करावे लागले आणि २५ जानेवारी २०१८ रोजी पोलीस बंदोबस्तात तो प्रदर्शित झाला. त्या चित्रपटातील राजा पत्नीला शत्रूकडे जाण्यास सांगत नाही. तो रणात पडतो, आणि राणी शेकडो स्त्रियांसह आगीकडे चालत जाते. रूसेल यांच्या राणीपुढे पडलेला प्रश्न त्या चित्रपटात नाही. देवलदेवीवर, म्हणजे बागलाणातून निघालेल्या आणि जिवंत राहिलेल्या त्या मुलीवर, संगीतिका लिहिण्यासारखी आहे.